आरसी ट्रान्समीटरचे स्टिअरिंग व्हील आणि ग्रिप बदलताना

आरसी, म्हणजे रेडिओ-नियंत्रित छोट्या गाडीच्या पिस्तुलाच्या आकाराच्या ट्रान्समीटरमध्ये एका हाताने मूठ धरून त्याच हाताच्या तर्जनीने वेग सांभाळणारा ट्रिगर ओढायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी बाजूचे छोटे स्टिअरिंग व्हील फिरवायचे, अशी रचना असते. कंपनीकडून येणारे व्हील आणि मुठीवरचे रबर मध्यम आकाराचा हात डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असते. त्यामुळे मोठ्या पंजाच्या माणसाला ते अपुरे वाटते, लहान मुलाच्या हातात मावत नाही आणि घामट बोटांतून कोणाच्याही निसटते. वेगळी व्हील आणि ग्रिप बाजारात मिळतात, परंतु खरेदीपूर्वी आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे हे ठरवून घ्यावे. केवळ बोटे घसरत असतील, तर व्हीलवरचे फोमचे किंवा रबराचे कडे बदलले तरी काम भागते आणि तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. हात थोडासा हलताच गाडी झटक्याने वळत असेल, तर आधी ट्रान्समीटरमधील ड्युअल रेट (चाके जास्तीत जास्त किती वळावीत) आणि एक्स्पोनेन्शिअल (मध्याजवळ प्रतिसाद किती सौम्य असावा) या सेटिंग्ज तपासाव्यात, आणि त्या योग्य असूनही नियंत्रण सापडत नसेल तरच व्हीलच्या व्यासाकडे वळावे.

व्यासाचा परिणाम साध्या हिशेबाने समजतो. व्हील मध्यापासून प्रत्येक बाजूला ३५ अंश फिरते असे धरले, तर ५० मिलिमीटर व्यासाच्या व्हीलच्या कडेवर बोटांना सुमारे १५ मिलिमीटर अंतर मिळते आणि ६० मिलिमीटर व्यासाच्या व्हीलवर तेच अंतर १८ मिलिमीटरच्या पुढे जाते. गाडीची पुढची चाके दोन्ही वेळी तेवढीच वळतात, मात्र तेच वळण घेण्यासाठी बोटांना अधिक जागा मिळाल्याने बारीक दुरुस्त्या सोप्या होतात. याची दुसरी बाजू अशी, की मोठे व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेताना मनगटाला जास्त फिरावे लागते आणि अरुंद, वळणावळणाच्या ट्रॅकवर ते जाणवते. कडेची रुंदीही पाहावी, कारण जे लोक अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत व्हील धरतात त्यांना अरुंद कडा बरी वाटते, तर तळहात टेकवून फिरवणाऱ्यांना रुंद कडा लागते.

वजनाचा मुद्दा मात्र बहुतेक खरेदीदार दुर्लक्षित करतात. ॲल्युमिनियमचे चकचकीत व्हील हातात घेतल्यावर भारदस्त वाटते, पण ट्रान्समीटरच्या आत व्हीलला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग मूळच्या हलक्या प्लॅस्टिकच्या व्हीलसाठी बेतलेली असते. वस्तुमान कडेकडे जितके जास्त, तितकी ते फिरवायला आणि थांबवायला अधिक ताकद लागते. परिणामी बोटे सोडल्यावर जड व्हील मध्यावर सावकाश येते किंवा मध्य ओलांडून किंचित पलीकडे जाते आणि सरळ रस्त्यावर गाडी डोलते. अनेक ट्रान्समीटरमध्ये स्प्रिंगचा ताण वाढवण्यासाठी स्क्रू असतो, परंतु ताण वाढवला की बोटे लवकर थकतात. शर्यतीसाठी मी हलके प्लॅस्टिकचे व्हील आणि चांगला फोम यांनाच पसंती देईन. ॲल्युमिनियम घ्यायचेच असेल, तर आरे बारीक आणि मधला भाग पोखरलेला आहे ना, हे पाहून घ्यावे.

व्हील ज्या शाफ्टवर (दांड्यावर) बसते तो सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. सान्वा, फुटाबा आणि केओ प्रोपो यांच्या ट्रान्समीटरसाठी वेगवेगळे ॲडॉप्टर (व्हील शाफ्टला जोडणारे तुकडे) लागतात आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असू शकतो, म्हणून केवळ कंपनीचे नाव पाहून मागणी नोंदवू नये. जुने व्हील काढून शाफ्टची जाडी, त्याचा आकार सपाट बाजूचा आहे की दातेरी, मधल्या स्क्रूची जाडी आणि लांबी, तसेच व्हीलची मागची बाजू ट्रान्समीटरच्या अंगापासून किती दूर आहे, एवढी मापे व्हर्निअर कॅलिपरने घ्यावीत.

बदल करताना ट्रान्समीटर बंद करून बॅटरी काढून ठेवावी. व्हीलच्या मधली गोल टोपी नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने उचलावी, खालचा स्क्रू अचूक बसणाऱ्या पान्याने सोडवावा आणि व्हील तिरके न हलवता सरळ बाहेर ओढावे. शाफ्टवर आडवा जोर आला, तर आतील पोटेन्शिओमीटरला (व्हील किती फिरले हे मोजणाऱ्या भागाला) किंवा सेन्सरच्या बैठकीला इजा होऊ शकते. नवे व्हील बसवल्यावर स्क्रू हाताला अडेल इतकाच आवळावा. मूळ स्क्रूपेक्षा लांब स्क्रू शाफ्टच्या तळाला टेकतो आणि आवळूनही व्हील सैल राहते, तर स्क्रू पक्का राहावा म्हणून वापरले जाणारे थ्रेडलॉकचे द्रव काही प्लॅस्टिकला तडे पाडते, म्हणून प्लॅस्टिकच्या शाफ्टवर ते वापरू नये. त्यानंतर व्हील दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवून पाहावे. ते कुठेही अंगाला घासत असेल, तर सोडल्यावर ते नेमके मध्यावर येणार नाही, आणि दोष सर्व्होचा (गाडीची चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) समजून माणूस भलतीकडे शोध घेत बसतो.

फोमचे कडे बसवणे हे काम चिकाटीचे आहे. कड्याचा आतील व्यास व्हीलच्या बाहेरील व्यासापेक्षा थोडा कमी असावा, म्हणजे ते ताणून बसते आणि गोंद लागत नाही. व्हीलवरचा जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा, नंतर त्याच अल्कोहोलचा हलका हात कड्याच्या आतून फिरवावा. ओलसर असेपर्यंत कडे सहज सरकते आणि अल्कोहोल उडून गेल्यावर घट्ट धरते. फोम एका जागी ओढून दुसऱ्या जागी सुरकुतला असेल, तर सुकण्यापूर्वीच बोटांनी सारखा करावा. सुपरग्लू टाळावा, कारण तो फोमला कडक करतो आणि आसपासच्या प्लॅस्टिकवर पांढरी झाक आणतो.

मुठीच्या ग्रिपमध्ये जाडी निर्णायक ठरते. मूठ नेहमीप्रमाणे धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरच्या खोबणीत आपोआप बसले पाहिजे. त्यासाठी मनगट वाकवावे लागत असेल, तर ग्रिप जाड आहे, आणि पेर ओलांडून ट्रिगर दुसऱ्या सांध्यापर्यंत येत असेल तर ती बारीक आहे. जुने रबर दुहेरी टेपने चिकटवलेले असल्यास हेअर ड्रायरची मंद ऊब देऊन कडेपासून सोडवावे. तयार ग्रिप मिळत नसेल, तर बॅडमिंटनच्या रॅकेटची पातळ ओव्हरग्रिप खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत गुंडाळली तरी छान काम होते. फक्त बॅटरीचे झाकण, चार्जिंगची जागा आणि बटणे मोकळी ठेवावीत.

थ्रीडी प्रिंटरवर व्हील छापणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की पीएलए हे छपाईचे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि उन्हात उभ्या, बंद मोटारीत ठेवलेले व्हील वाकडे होऊ शकते. पीईटीजी हे दुसरे प्लॅस्टिक अधिक उष्णता सोसते.

शेवटच्या तपासणीसाठी गाडीची चाके जमिनीपासून उचलून ठेवावीत आणि आधी ट्रान्समीटर, मग गाडी सुरू करावी. व्हीलचे आरे तिरके दिसत असूनही गाडी सरळ असेल, तर दातेरी शाफ्टवर व्हील एक दाता इकडेतिकडे बसले आहे, असे समजावे. ते काढून पुन्हा बसवावे, ट्रिमला (चाकांचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंगला) हात लावू नये. शाफ्टचे फिरणे पूर्वीइतकेच असल्यामुळे एंड पॉइंटही (चाके वळण्याची ठरवलेली शेवटची मर्यादा) बदलण्याचे कारण नसते. धातूचे किंवा कार्बन फायबरचे सुटे भाग वापरले असतील आणि ते अँटेनाजवळ येत असतील, तर २.४ गिगाहर्ट्झच्या संदेशाला अडथळा येऊ शकतो, म्हणून गाडी एका जागी ठेवून दूर जात पल्ला तपासावा. पहिल्या फेरीनंतर व्हीलचा मधला स्क्रू पुन्हा एकदा चाचपून पाहावा, कारण नवे ॲडॉप्टर पूर्ण बसले की तो थोडा सैल पडतो.