बाथटबचा टवका उडालाय? घरीच भरा, पण आधी हे बघा

टवका उडाला की माणूस पहिलं रिपेअर किट घेऊन येतो, त्याआधी टब कशाचा आहे ते तर बघा. लोहचुंबक लावा, चिकटलं तर खाली लोखंड आणि वर इनॅमल (भाजून बसवलेला काचेसारखा थर), नाही चिकटलं तर बहुतेक अॅक्रिलिक नाहीतर फायबर. इनॅमल असेल तर गंज पूर्ण घासून काढा, चकचकीत धातू दिसला पाहिजे, नाहीतर वर कितीही भारी इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा, कडक होणारा भराव) लावा, खालून गंज वाढतो आणि भरलेलं सगळं सुटून येतं. जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावूनच घासा, धूळ उडवायची नाही.

अॅक्रिलिक किंवा फायबरला चीर गेली असेल तर टबात उभं राहून जरा वजन टाकून बघा. तळ दबतोय? मग खालून आधार दिल्याशिवाय भरण्यात अर्थ नाही, तीच चीर परत उघडणार. दबत नसेल तर चिरेच्या दोन्ही टोकांना साधारण 3 मिमीचं भोक पाडा, फक्त टबच्या जाडीपुरतं हं, खाली पाईप असतो. गोल भोकामुळे टोकावरचा ताण पसरतो आणि चीर पुढे सरकत नाही.

आता साफसफाई, बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. साबणाचा थर, जुनं सिलिकॉन सगळं काढा, 120 किंवा 240 नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) कडा खरखरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (अॅक्रिलिकवर अॅसिटोन नको, पृष्ठभाग खराब होतो) आणि निदान एक दिवस वाळू द्या कारण चिरेत पाणी मुरलेलं असतं.

इपॉक्सी थोडंथोडंच कालवा, काही मिनिटांत घट्ट होतं. खिडकी उघडी, हातात ग्लोव्हज. पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईल इतकं भरा, खड्डा खोल असेल तर दोन थरांत. पूर्ण कडक झालं की ओल्या पॉलिश पेपरने 400, 600, 1000 असं करत 1500 पर्यंत जा, मग पॉलिशिंग कंपाउंड. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, कडेवरून नख फिरवा, अडकलं तर अजून घासायचंय.

रंग मात्र उजेडात जुळवा, पांढऱ्यातही शंभर छटा असतात, तंतोतंत नाहीच जुळत. आणि पाकिटावर दिलेला वेळ होईपर्यंत नळ सोडू नका, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.