डेल्फी मेली का, आणि कुणासाठी?

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या पुढ्यात डेल्फी ७ मधला (डेल्फी म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिहायची, पास्कलवर बेतलेली भाषा आणि तिची साधनं) लाखो ओळींचा प्रोजेक्ट आला, आणि त्याच्यासोबत एकमेकांशी अजिबात न पटणारे दोन सिनियर. एक म्हणायचे, "हे सगळं मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प भाषेत नव्यानं लिहायला घ्या, नाहीतर उद्या याला हात लावायला माणूस मिळणार नाही." दुसरे चष्मा पुसत म्हणायचे, "कंपाइल होतंय ना? ग्राहकाकडे चालतंय ना? मग?" नवख्याला अशा वेळी बाजू निवडायची भारी घाई असते. मलाही होती. ज्या भाषेचं कॉलेजात कुणी नावही घेतलं नाही तिच्यात करिअर सडणार, या भीतीनं मी मनातल्या मनात सी-शार्पवाल्यांकडे जाऊन बसले.

मग थोडा इतिहास वाचला आणि हसू आलं. डेल्फी बोरलँड या सॉफ्टवेअर कंपनीनं फेब्रुवारी १९९५ मध्ये बाजारात आणली. तिचा मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग. बोरलँडच्याच आधीच्या टर्बो पास्कलचा कंपायलरही (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवतो तो) मूळ त्याचाच. १९९६ मध्ये तो मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि पुढे सी-शार्प घडवली. प्रॉपर्टी, इव्हेंट, फॉर्मवर बटण टाकून त्यामागे कोड लिहायची पद्धत हे सगळं दोन्हीकडे ओळखीचं वाटतं ते उगाच नाही. माझ्या टीममधलं भांडण म्हणजे एकाच घरातल्या दोन भावंडांचं होतं. डेल्फी शिकलीत तर सी-शार्पकडे जाताना अर्धी वाट चाललेली असते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरीच झोप वाचली असती.

जुनी मंडळी नव्या आवृत्तीचं नाव काढलं की का बिथरतात, हेही समजून घ्या. तो नुसता हट्ट नसतो. २००१ मध्ये कायलिक्स, म्हणजे लिनक्ससाठीची डेल्फी, आलं आणि काही वर्षांत गुंडाळलं गेलं. डेल्फी ८ फक्त डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या चौकटीसाठी निघाली. विंडोजचे साधे, स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती निरुपयोगीच होती. नंतर मालकही बदलत गेले: बोरलँडनं डेल्फीसाठी कोडगिअर ही कंपनी वेगळी काढली, २००८ मध्ये ती एम्बार्काडेरोकडे गेली, आणि २०१५ मध्ये एम्बार्काडेरोलाच आयडेरानं घेतलं. इतक्या वेळा दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पिणारच. २००२ ची डेल्फी ७ अनेकांना अजून सोडवत नाही, त्यामागे हे एक कारण.

खरी मेख मात्र डेल्फी २००९ ची. डेल्फीच्या भविष्यावरच्या चर्चेत तिच्यावरून जेवढी डोकी तापतात तेवढी दुसऱ्या कशावरून तापलेली मी पाहिली नाहीत. त्या आवृत्तीपासून साधी 'स्ट्रिंग', म्हणजे मजकूर ठेवायचा डेटाचा प्रकार, युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं सामावणारी) झाली. आधी एक कॅरेक्टर म्हणजे एक बाइट, आता दोन. बदल हवाच होता, कारण त्याआधी वेगवेगळ्या लिप्यांतली नावं एकाच खिडकीत दाखवायची म्हणजे कसरत. पण जुन्या लोकांनी स्ट्रिंगचा वापर नुसत्या मजकुरासाठी केलेला नव्हता. सिरियल पोर्टवरून आलेला डेटा स्ट्रिंगमध्ये, एन्क्रिप्ट केलेला मजकूर स्ट्रिंगमध्ये, फाइलमधलं रेकॉर्ड स्ट्रिंगमध्ये. बाइटांची पिशवी म्हणून तिच्यात काहीही कोंबलेलं.

माझी फजिती इथलीच. एक मोड्यूल नव्या आवृत्तीत नेण्याचं काम मी मागून घेतलं. दोन दिवसांत ते विनातक्रार कंपाइल झालं आणि मी ऐटीत सगळ्यांना मेल टाकला. त्यात एक ओळ होती: स्ट्रिंगच्या पहिल्या कॅरेक्टरपासून, स्ट्रिंगच्या लांबीइतकं, स्ट्रीममध्ये (फाइलकडे जाणाऱ्या बाइटांच्या प्रवाहात) लिहा. लांबी मोजली जाते कॅरेक्टरांत आणि स्ट्रीम लिहितो बाइट. म्हणजे अर्धंच नाव फाइलमध्ये गेलं, आणि तेही प्रत्येक इंग्रजी अक्षरामागे एक शून्य बाइट घेऊन. शून्य दिसलं की मजकूर संपला असं मानणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमनं ती फाइल उघडली, तर प्रत्येक ग्राहकाच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर! कंपायलरनं चकार शब्द काढला नव्हता, कारण तिथं पॅरामीटरला, म्हणजे त्या आज्ञेला दिलेल्या मूल्याला, ठरलेला प्रकारच (टाइप) नसतो. द्याल ते तो मुकाट घेतो. मग मी शहाणपणा करून लांबीला दोननं गुणलं, तर फाइलचा फॉरमॅटच बदलला. शेवटी मजकूर बाइट अ‍ॅरेत रूपांतरित करून तो लिहिला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. चष्मा पुसणारे सिनियर एवढंच म्हणाले, "आता अशा जागा किती आहेत, मोज." मी मोजल्या. आकडा सांगत नाही, पण त्या संध्याकाळी "चालतंय ना, मग?" या वाक्यामागचं वजन मला पहिल्यांदा जाणवलं.

दुसरी अडचण असते विकत घेतलेल्या कंपोनंटांची, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या तयार भागांची. काहींचा सोर्स कोड मिळालेला असतो, काहींच्या नुसत्या कंपाइल केलेल्या डीसीयू फाइली. त्या ज्या आवृत्तीत बनल्या ती सोडून बहुधा कुठेच चालत नाहीत. बनवणारा दुकान बंद करून गेला असेल तर तुम्ही त्या आवृत्तीला बांधलेले. म्हणून नव्या प्रोजेक्टमध्ये मी आधी युजेसमधली (कोड कुठले बाहेरचे भाग वापरतो त्या यादीतली) नावं वाचते. बिझनेस लॉजिक वगैरे नंतर.

पूर्ण नव्यानं लिहा म्हणणाऱ्यांबरोबरही मी काम केलंय, दुसऱ्या एका ठिकाणी. तिथं बिलाची बेरीज अधूनमधून जुन्या प्रोग्रॅमशी जुळेना. डेल्फीचं राउंड फंक्शन बरोबर मधोमध आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं: २.५ चे २, ३.५ चे ४. नव्या रचनेत आम्ही तेच काम एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या राउंडकडे सोपवलं होतं, आणि ते २.५ चे ३ करतं. हा नियम कुठल्याही कागदावर नव्हता; कुठल्याशा एडिट बॉक्सच्या ऑनएग्झिट इव्हेंटमध्ये (तो रकाना सोडताना चालणाऱ्या कोडमध्ये) लपून बसला होता. असे नियम ढिगानं निघाले आणि तो प्रकल्प मधेच थांबला. तेव्हापासून सरसकट पुनर्लेखनाला माझा विरोध आहे. तुकड्या-तुकड्यानं हलवायला नाही.

तिसरा गट लाझारसवाल्यांचा. फ्री पास्कल हा कंपायलर आणि त्यावरचं डेल्फीसारखं लाझारस फुकट, सोर्स खुला, लिनक्सवरही चालतं. लायसन्सच्या किमतीनं वैतागलेले लोक तिकडे ओढले जातात. पण तिथं स्ट्रिंग सर्वसाधारणपणे यूटीएफ-८, आणि डेल्फीत यूटीएफ-१६ (युनिकोड अक्षरं बाइटांत मांडायच्या दोन वेगळ्या पद्धती), त्यामुळे वर सांगितलेला तमाशा वेगळ्या वेषात पुन्हा. शिकण्यापुरतं हवं असेल तर डेल्फीचीही कम्युनिटी एडिशन २०१८ पासून आहे, उत्पन्नाची मर्यादा घालून.

"मेली" हा शब्द नवख्यानं जपून वापरावा. व्हिज्युअल फॉक्सप्रो या आपल्याच डेटाबेस-भाषेबाबत मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये स्पष्टच सांगितलं की नववीनंतर आवृत्ती नाही. मायक्रोसॉफ्टच्याच व्हिज्युअल बेसिक ६ ला वाचवण्यासाठी २००५ मध्ये लोकांनी सह्या गोळा केल्या, उपयोग झाला नाही. डेल्फीचं तसं नाही. ६४ बिटचा कंपायलर २०११ मध्ये आला, डेल्फी १२ ही आवृत्ती २०२३ मध्ये. नोकऱ्या मात्र थोड्या, हे खरंच आहे. माझ्या सीव्हीवर मी "डेल्फी डेव्हलपर" लिहीत नाही. जुना कोड कुठून कुठे नेला आणि त्यात काय फुटलं ते लिहिते. मुलाखतीत प्रश्न त्यावरच येतात. सोबत एसक्यूएल पक्कं ठेवलं, तेही कामी आलं.

आणि अशा ठिकाणी रुजू झालात तर वाद ऐकत बसण्याआधी एक करा: कोऱ्या मशीनवर तो प्रोजेक्ट शून्यापासून बिल्ड करून बघा. मला नऊ दिवस लागले. एका कंपोनंटचा इन्स्टॉलर कपाटातल्या सीडीवर सापडला, आणि त्याचा सिरियल नंबर नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलमध्ये. दोन्ही सिनियर त्या दिवशी माझ्या खुर्चीमागे उभे होते, आणि एकानंही तोंड उघडलं नाही.