फ्लॅग अप, फ्लॅग डाउन, फ्लॅग ऑफ: या चुका टाळा

इंग्रजी वाक्प्रचारांतल्या झेंड्यांचे अर्थ पाठ असूनही घोटाळा होतो, तो फ्लॅगच्या मागून येणाऱ्या बारक्या शब्दामुळे.

समजा, सांगलीतल्या हळद व्यापाऱ्याने परदेशी गिऱ्हाइकाला लिहिले, ‘वी फ्लॅग्ड ऑफ द मॉइश्चर प्रॉब्लेम.’ सांगायचे होते की ओलाव्याची अडचण आम्ही वेळीच नजरेस आणून दिली. त्याला ‘फ्लॅग्ड’ किंवा ‘फ्लॅग्ड अप’ हवे. फ्लॅग ऑफ म्हणजे झेंडा दाखवून रवाना करणे. साताऱ्याची हिल मॅरेथॉन फ्लॅग ऑफ होते, ओलावा नाही. शिवाय हा वापर मुख्यतः भारतीय इंग्रजीतला. एसटीला हात करून थांबवतो, ते फ्लॅग डाउन. आणि कर्मच नसेल तर? ‘द टीम फ्लॅग्ड आफ्टर लंच’ म्हणजे जेवणानंतर टीम ढेपाळली. तिथे झेंडा शोधत बसू नका.

दुसरा घोळ मराठीतून येतो. मंजुरीला आपण हिरवा कंदील म्हणतो, गाडी सोडताना हिरवा झेंडा. इंग्रजीत मंजुरी म्हणजे ‘ग्रीन लाइट’. ‘ग्रीन फ्लॅग’ हल्ली माणसातल्या चांगल्या लक्षणाला म्हणतात. तसाच ‘रेड फ्लॅग’ म्हणजे नकार नव्हे, धोक्याची खूण. बँकेला कर्जाच्या कागदांत रेड फ्लॅग दिसला तरी कर्ज अजून नाकारलेले नसते.

‘कलर्स’ हेही झेंडेच, जहाजावरचे. झेंडा उतरवणे म्हणजे शरणागती. 1797 मध्ये ब्रिटिश आणि डच आरमारांमधल्या कॅम्परडाउनच्या लढाईत डोलकाठी तुटल्यावर जॅक क्रॉफर्ड या ब्रिटिश खलाशाने वर चढून झेंडा खिळ्यांनी ठोकला. ‘नेल युअर कलर्स टू द मास्ट’ म्हणजे भूमिका उघड घेऊन तिच्यावर ठाम राहणे. सहज मत देण्यासाठी हा वाक्प्रचार वापरू नये. ‘विथ फ्लाइंग कलर्स’ दणदणीत यशालाच शोभते, 35 टक्क्यांना नाही. आधी ‘विथ’च येते, ‘बाय’ नाही.

फ्लॅगशिप म्हणजे मूळचे आरमारप्रमुखाचे जहाज. ‘आमची पाच फ्लॅगशिप उत्पादने’ म्हटले की शब्दाचे वजनच जाते.

भावाच्या बोलणीत ‘व्हाइट फ्लॅग’ मात्र लिहूच नका. तुमच्या मनात तडजोड असते, समोरचा हार समजतो आणि भाव आणखी पाडून मागतो. ‘लेट अस मीट हाफवे’ लिहा.