संगीतकार जोखताना या चुका टाळा

इंदूरला आमच्या रामबागेत जुनी गाणी ऐकायला मंडळी जमतात. नव्या श्रोत्यांकडून तीच ती विधानं ऐकून जीव विटलाय, म्हणून लिहितो.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे मुखड्यावरून, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळींवरून, निकाल देणं. गेल्या पावसाळ्यात एका तरुणाने मोबाइलवर मोझार्टची चाळिसावी सिंफनी लावली आणि ‘छाया’मधलं (1961) ‘इतना न मुझसे तू प्यार बढ़ा’ चोरीचं, म्हणून संगीतकार सलील चौधरी बाद, असं जाहीर केलं. मुखडा तिथूनच आलाय, त्यात वाद नाही. मी पेटी पुढे ओढली आणि म्हटलं, "आता अंतरा म्हण." त्याला ते पुढचं कडवं येईना. मुखडा संपताच गाणं बंद करून पठ्ठ्या पुढच्या गाण्यावर गेला होता! मग मीच वाजवला. अंतऱ्यात चाल मोझार्टचं बोट सोडून स्वतःच्या वाटेने जाते आणि मुखड्यावर परतताना सांधा कळत नाही. व्हायोलिनवरची ती अस्वस्थ धून तलत-लताच्या लाडिक सवाल-जवाबात बसवणं हेच तर संगीतकाराचं काम. एवढं ऐकायचा धीर नसेल तर मत देऊ नये.

दुसरी चूक खास आमच्या गावची. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचं हे शहर, त्यामुळे राग ओळखला की गाणं थोर ठरवून मोकळे! ‘झनक झनक पायल बाजे’चं (1955) शीर्षकगीत खाँसाहेबांनी गायलं, राग अडाणा. पण वसंत देसाईंचं मोठेपण अडाणा निवडण्यात नाही, त्याचा सगळा जोम काही मिनिटांत मावेल अशी चाल बांधण्यात आहे. यमनात रटाळ गाणी काय कमी आहेत? मी आधी चाल गुणगुणतो, रागाचं नाव मागाहून.

गळ्याची पुण्याई चालीच्या खात्यावर मांडू नका. शब्द वगळून पेटीवर वाजवा, चाल तग धरते का ते लगेच कळतं.

वाद्यमेळाची वाहवा करण्याआधी संयोजक, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते ठरवणारा, कोण ते बघा. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशनकडेही होते आणि ओ. पी. नय्यरांकडेही.

‘टॉप टेन’च्या याद्या वाचून मतं बनवू नका.

आणि रीमिक्स किंवा वेग वाढवलेल्या प्रती ऐकून तर मुळीच बोलू नका. त्यांत पट्टी सरकते, ठेका बदलतो, मधले वाद्यांचे तुकडे कापलेले असतात. मूळ ध्वनिमुद्रण शोधा, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐका, मग रामबागेत या. वाद घालायला मी आहेच.