सगळे एकाच पेटीत असलेला रेकॉर्ड प्लेअर कसा निवडावा

ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा सवडीने एखादी रेकॉर्ड ऐकायची आहे, पण अँप्लिफायर, प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) आणि स्पीकर वेगवेगळे निवडून एकमेकांना जोडण्यात रस नाही आणि तेवढी जागाही नाही, त्यांच्यासाठी हे सारे एकाच पेटीत बसवलेला प्लेअर ही वाजवी निवड आहे. या प्रकाराला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. मात्र त्यातल्या चांगल्या आणि वाईट यंत्रांतला फरक फार मोठा असतो आणि तो वरवर पाहून कळत नाही. लाकडी कवच, पितळी कड्या, जुन्या धाटणीची बटणे यांवरून आवाजाचा काहीच अंदाज येत नाही. तो यायचा असेल तर टोनआर्मची, म्हणजे सुई रेकॉर्डवर नेणाऱ्या दांड्याची, दोन्ही टोके नीट पाहावी लागतात.

पुढच्या टोकाला सुई धरणारे कार्ट्रिज असते. ते सिरॅमिक (सुईच्या हालचालीने दाबल्या जाणाऱ्या स्फटिकातून संकेत देणारे) आहे की मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर हलणाऱ्या चिमुकल्या चुंबकातून संकेत देणारे), हा विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न. सिरॅमिक कार्ट्रिज स्वस्त असते आणि त्यातून निघणारा संकेत पुरेसा जोरकस असल्याने उत्पादकाला वेगळा फोनो प्रीअँप बसवावा लागत नाही. म्हणूनच सूटकेससारख्या दिसणाऱ्या बहुतेक स्वस्त प्लेअरमध्ये तेच आढळते. त्याची सुई तबकडीवर सहसा पाच-सहा ग्रॅम भाराने टेकते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला साधारण दीड ते साडेतीन ग्रॅम पुरतात. पाच ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण तो सगळा भार केसाहून बारीक टोकावर आणि तिथून खाचेच्या दोन भिंतींवर येतो. एकदा वाजवल्याने रेकॉर्ड बिघडते असे मुळीच नाही. झीज हळूहळू साठत जाते आणि आधी वरच्या पट्टीतला नाजूक तपशील खाते. माझ्या पहिल्या सूटकेस प्लेअरवर मी एक आवडती रेकॉर्ड वर्षभर वाजवली आणि पुढे तीच चांगल्या टर्नटेबलवर लावली, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायिकेच्या प्रत्येक ‘स’ आणि ‘श’बरोबर एक बारीक खरखर येऊ लागलेली दिसली. ती खरखर आता त्या खाचेतच आहे. कितीही उत्तम यंत्रावर लावली तरी जाणार नाही. याच कारणासाठी मी हा मुद्दा आवाज, रूप आणि सोयी या सगळ्यांच्या आधी घेतो.

टोनआर्मच्या मागच्या टोकाला फिरवून पुढे-मागे सरकवता येणारे वजन, म्हणजे काउंटरवेट, असेल तर सुईवरचा भार तुम्हाला स्वतः ठरवता येतो. पेटीबंद प्लेअरमध्येही आता अशी यंत्रे मिळतात. त्यांत अनेकदा ऑडिओ-टेक्निकाचे एटी-३६००एल हे साधे कार्ट्रिज असते. त्याला अडीच ते साडेतीन ग्रॅम भार लागतो आणि हौशी श्रोत्याला ते पुरेसे आहे. काउंटरवेट नसेल, टोनआर्म प्लास्टिकचा असेल आणि माहितीपत्रकात भाराचा आकडाच दिलेला नसेल, तर ते यंत्र मी तरी घेणार नाही.

यानंतर गतीची स्थिरता. १९४८ साली कोलंबियाने आणलेली लाँग-प्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि १९४९ साली आरसीए व्हिक्टरने आणलेली सात इंची तबकडी ४५. या अपूर्णांकाचा फायदा असा, की बरोबर चालणारी थाळी तीन मिनिटांत नेमके शंभर फेरे घेते. थाळीच्या कडेला कागदाचा छोटा कपटा चिकटवावा, रेकॉर्ड लावून सुई टेकवावी आणि घड्याळ लावून फेरे मोजावेत. शंभराऐवजी एकशे दोन भरले, तर स्वर एका अर्धस्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने चढला आहे, आणि कान तयार असलेल्याला ते खुपते. सरासरी गती बरोबर असूनही क्षणोक्षणी ती डगमगत असेल, तर ते मोजून कळत नाही, ऐकून कळते: पियानोचा किंवा लांबवलेला एखादा स्वर लावून पाहावा, तो लहरत असेल तर थाळी फार हलकी किंवा मोटर कमकुवत आहे. काही लहान यंत्रांत थाळी इतकी छोटी असते की बारा इंची रेकॉर्ड चारी बाजूंनी बाहेर लोंबते. तिला आधार कमी मिळतो आणि किंचित वाकलेली रेकॉर्ड तिथे जास्त डोलते.

यंत्रावर ७८चे बटण असले म्हणून जुन्या लाखेच्या तबकड्या त्यावर वाजवाव्यात असे नाही. त्यांच्या खाचा कितीतरी रुंद असतात आणि त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते.

वाजवून पाहण्याची संधी मिळाली, तर रेकॉर्डच्या सुरुवातीचे नव्हे, बाजूच्या शेवटचे गाणे लावावे. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्या कमी लांबीत तोच तपशील दाटीने कोरलेला असल्याने साधे कार्ट्रिज तिथेच अडखळते. दुसरी चाचणी स्पीकरची. स्पीकर आणि सुई एकाच पेटीत असल्यामुळे स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोहोचतो, सुई तो संगीतासारखाच उचलते आणि पुन्हा स्पीकरकडे पाठवते. थाळी थांबलेली असताना सुई रेकॉर्डवर टेकवावी, नेहमी ऐकता त्याहून थोडा आवाज वाढवावा आणि पेटीवर बोटाने हलकेच टकटक करावे. स्पीकरमधून मोठा धप्प आवाज आला किंवा घुमण्यासारखा गुंजारव सुरू झाला, तर खर्जाचे संगीत त्या यंत्रावर नेहमीच गढूळ ऐकू येईल. जागा असेल तर टर्नटेबलमध्येच अँप्लिफायर आणि सोबत दोन सुटे स्पीकर, अशी जोडी मी आनंदाने सुचवीन. तारा दोनच जोडाव्या लागतात आणि ही अडचण बरीचशी मिटते.

एकाच पेटीचा आग्रह असेल, तर मागच्या बाजूला लाल-पांढऱ्या आरसीए जोडणीचा लाइन-आउट, म्हणजे आवाजाचा संकेत बाहेरच्या यंत्राकडे नेणारी जागा, आहे ना, हे जरूर पाहावे, कारण उद्या चांगले स्पीकर घ्यावेसे वाटले तर तोच मार्ग आहे. ‘ब्लूटूथ’ या शब्दाची मात्र फोड करून घ्यावी. बहुतेक स्वस्त यंत्रे फोनवरचे गाणे स्वतःच्या स्पीकरवर वाजवतात. रेकॉर्डचा आवाज तुमच्या हेडफोनकडे पाठवत नाहीत. रेडिओ, सीडी, कॅसेट, पेन ड्राइव्ह अशी भर जितकी जास्त, तितका त्याच किमतीत टोनआर्म आणि मोटरवर झालेला खर्च कमी, असे मी धरून चालतो. रेकॉर्ड संपताच थांबणारी सोय उपयोगी आहे, पण ती बंद करता यावी. काही यंत्रे शेवटच्या गाण्याच्या मधेच थांबतात.

खरेदीपूर्वीचा शेवटचा प्रश्न सुईचा: ती बदलता येते का, आणि तिचा क्रमांक कोणता. हिऱ्याच्या साध्या सुईचे आयुष्य साधारण पाचशे तास धरतात, तर कृत्रिम नीलमण्याच्या सुईचे पन्नास तासांच्या आसपास. आठवड्याला तीन रेकॉर्ड म्हणजे दोन तास ऐकणाऱ्याला पहिली जवळजवळ पाच वर्षे पुरेल, दुसरी सहा महिन्यांत बदलावी लागेल. यंत्राबरोबरच एक जादा सुई घेऊन ठेवावी आणि ती बसवल्याची तारीख डबीवर लिहावी. यंत्र घरी आले की ते भक्कम, सपाट जागी ठेवावे, थाळीवर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पातळी तपासावी, आणि सुईवरचा भार पत्रकातल्या आकड्याशी जुळवल्यानंतरच पहिली रेकॉर्ड लावावी.