नववी-दहावीच्या मुलांना अवांतर वाचनाकडे कसे वळवावे

पाचवी-सहावीत गोष्टीच्या पुस्तकांसाठी भांडणारी मुले नववीत आली की पुस्तकाला हात लावेनाशी होतात, आणि त्याचा सगळा दोष आपण मोबाइलवर टाकून मोकळे होतो. शाळेत हाती येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकापाठोपाठ प्रश्न, सारांश आणि गुण येतात, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. म्हणून या वयाच्या मुलांनी आनंदासाठी वाचावे असे वाटत असेल, तर शिक्षकाने आधी वाचनाचा हिशेब मागणे सोडावे. बाकीचे उपाय त्यानंतरचे.

सुरुवात ग्रंथालयाच्या कपाटापासून करावी. मी ज्या शाळेत नोकरीला लागलो, तेथे कपाटाची किल्ली कार्यालयात असे आणि सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरे घातलेली असत. वर फक्त दाखल क्रमांक. आत प्रवासवर्णन आहे की विज्ञानकथा, हे उघडल्याखेरीज कळत नसे. एका शनिवारी दोन मुलांना हाताशी घेऊन ती कव्हरे काढली आणि चाळीसेक पुस्तके वर्गातल्या खिडकीखालच्या बाकावर मुखपृष्ठे दिसतील अशी मांडली. सोमवारी मधल्या सुट्टीत एक मुलगा उजव्या हाताने पोळीभाजी खात, डाव्या हाताच्या कोपराने पान दाबून धरून उभ्याउभ्याच वाचत होता. पुस्तके फाटतील, हरवतील ही भीती खरी आहे, कारण दाखल नोंदवहीला उत्तर द्यावे लागते. त्यासाठी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्यावे, जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करणे, रीतसर करून घ्यावे आणि देवघेवीची वही मुलांपैकीच दोघांकडे सोपवावी.

यानंतर वेळ. 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिनानिमित्त पुस्तके बाहेर निघतात, हे चांगलेच आहे. पण सवय लागण्यासाठी आठवड्यातून निदान दोनदा 20 मिनिटे वेळापत्रकात राखून ठेवावी लागतात. अनेक घरांत मुलांना वाचायला शांत कोपरा नसतो, आणि मुली घरी गेल्या की कामाला लागतात. त्यांच्यासाठी ही 20 मिनिटे हाच वाचनाचा खरा वेळ असतो. या वेळात शिक्षकानेही वह्या न तपासता स्वतःचे पुस्तक वाचावे.

मात्र सर्वांत जास्त उपयोग होतो तो मोठ्याने वाचून दाखवण्याचा, आणि आता मुले मोठी झाली म्हणून आपण नेमके तेच बंद करतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्यावी. ती 1955 साली प्रसिद्ध झालेली छोटीशी कादंबरी आहे. तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरवस्तीवर शाळा चालवायला येतो, अशी तिची गोष्ट. पहिली काही पाने घाई न करता, संवादांतली बोली जशीच्या तशी ठेवून वाचावीत, अडलेल्या शब्दाचा अर्थ ओघात सांगावा, आणि पुढे काय होणार याची उत्सुकता वाढेल अशा ठिकाणी थांबून पुस्तक बाकावर ठेवून द्यावे. तात्पर्य विचारू नये. तास संपल्यावर कोणी ना कोणी ते पुस्तक मागायला येतो. एकाच्या जागी तिघे आले तर पाळी लावावी.

निवड मुलांची असू द्यावी. रहस्यकथा, क्रिकेटपटूंची चरित्रे, भुताच्या गोष्टी, जुने दिवाळी अंक, यांतले काहीही हलके समजू नये. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. मोबाइल हातात आहेच, तर तोही कामी लावावा. गावात सार्वजनिक ग्रंथालय असेल तर पालकांशी बोलून मुलांना तेथे सभासद करावे. तीस पाने वाचून आवडले नाही तर पुस्तक परत करण्याची मोकळीक द्यावी, आणि असे का केले याचे स्पष्टीकरण मागू नये.

एखादा विद्यार्थी महिनाभर नुसती चित्रेच पाहत बसेल. त्याला टोकू नये. त्याला काय आवडते ते शोधावे, शेती, मोटारी, कुस्ती, काहीही असो, आणि त्या विषयाचे पुस्तक कोणाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने त्याच्या बाकावर ठेवावे. पुस्तक परत आले की ‘कसे वाटले?’ एवढेच विचारावे, आणि ‘बरे होते’ इतकेच उत्तर मिळाले तरी दुसरे पुस्तक त्याच्या हाती द्यावे.