छातीला मुका मार: या चुका टाळा

ट्रॅक्टर कशाला तरी धडकून जागीच थांबतो, भरलेली ट्रॉली मागून रेटते आणि चालवणाऱ्याची छाती स्टेअरिंगवर आदळते. शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत), गोठ्यात बैलाची धडक बसते. रात्री दुचाकीपुढे रानडुक्कर येतं अन् हँडल छातीत लागतं. जमलेल्यांचं वाक्य ठरलेलं: "काई नाई झालं, मुका मार हाये."

छातीच्या मधल्या हाडामागे लगेच हृदयाचा उजवा खालचा कप्पा असतो. दणका बसला की बहुधा तोच चेचला जातो. वर कातडीवर ओरखडाही नसेल, त्यामुळे वळ पाहून माराचा अंदाज बांधू नका.

हळद-चुन्याच्या लेपानं आतल्या माराला उपयोग होत नाही, फक्त वेळ जातो. छाती फडक्यानं घट्ट आवळणं मात्र वाईट. श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो.

सगळ्यात घातक चूक चांगल्या हेतूनं होते. छातीत दुखतंय म्हणून आजोबांच्या डबीतली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात, वरून अ‍ॅस्पिरिन देतात. ही औषधं रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या झटक्यासाठी आहेत. इथे हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचत असू शकतं. सॉर्बिट्रेटनं हृदयाकडे परतणारं रक्त कमी होऊन बीपी कोसळतं, अ‍ॅस्पिरिननं रक्तस्राव वाढतो. मानेच्या शिरा फुगलेल्या, बीपी उतरलेलं आणि स्टेथोस्कोपमध्ये ठोके दबलेले असतील, तर पिशवीत रक्त साचल्याचा संशय धरा. तिथून पुढे शस्त्रक्रियेची सोय असलेलं मोठं रुग्णालयच हवं.

"एक्स-रे नॉर्मल आला, फासळी शाबूत आहे" म्हणून घरी परतणं ही दुसरी मोठी चूक. एक्स-रेत हृदयाच्या स्नायूचा मार दिसत नाही. ईसीजी काढायला सांगा आणि रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) तपासा. दोन्ही नॉर्मल असतील तर हृदयाला मोठी इजा असण्याची शक्यता फार कमी. ट्रोपोनिन वाढायला वेळ लागतो, म्हणून माराला तास-दोन तासच झाले असतील तर 4 ते 6 तासांनी तपासणी पुन्हा करावी. ईसीजी बिघडलेला असेल तर किमान 24 तास मॉनिटरवर राहायचं; ठोके अनियमित होण्याचा धोका याच काळात जास्त. बीपी टिकत नसेल तर इकोही (हृदयाची सोनोग्राफी) लागते. ट्रोपोनिनची सोय तालुक्याला आहे की जिल्ह्यालाच, हे निघण्याआधी फोनवर विचारा. चाळीस किलोमीटरचा हेलपाटा वाचतो.

लेदर बॉल छातीवर बसून पोरगं मैदानातच कोसळलं, तर प्रकार वेगळा. हृदय फाटलेलं नसतं. ठोक्याच्या नेमक्या नाजूक क्षणी आघात बसल्यानं ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही. हातपाय झटकतात म्हणून लोक मिरगी समजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. अधूनमधून येणाऱ्या आचक्यांना श्वास समजतात. हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, तर एकानं 108 लावायचा, दुसऱ्यानं लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला लागायचं: मिनिटाला 100 ते 120, मोठ्या माणसात 5 ते 6 सेंटीमीटर खोल. शॉक देणारं मशीन येईपर्यंत दाब देणं थांबवायचं नाही.

जखमीला दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. मान-पाठ सरळ ठेवून आडवं न्या, वाटेत चहा-पाणी देऊ नका.

सुट्टी झाल्यावरही पुढचे काही आठवडे दम लागला, चक्कर आली, धडधड वाढली किंवा आडवं पडल्यावर छातीत जास्त दुखलं तर परत दाखवा. हृदयाभोवती पाणी उशिराही साचतं. कापसाची गाठोडी उचलायची की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.